शांत खेळ पाच मिनिटांत का संपतो?

प्रश्न: ताई, माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि धाकटा दीड वर्षाचा. दुपारी तो झोपतो तेव्हा घरात आवाज नको म्हणून मी थीमवाल्या शांत अ‍ॅक्टिव्हिटी सुरू केल्या, या आठवड्यात समुद्र, पुढच्या आठवड्यात अंतराळ असं. रात्री जागून प्रिंट काढते, कापते, लॅमिनेट करते आणि बाईसाहेब पाच मिनिटांत म्हणतात, "झालं, आता काय?" शेवटी मोबाईल हातात द्यावा लागतो. माझं नेमकं काय चुकतंय?

उत्तर: अहो, मेहनत तुम्हीच सगळी करून टाकताय, तिच्यासाठी उरतं काय? रंग भरला, चिकटवलं, संपलं. आणि बरोबर आलं की नाही ते सांगायलाही आईच लागते.

इटलीच्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, काढलं, तिथली एक गोष्ट त्यांनी लिहून ठेवलीय. साधारण तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातल्या भोकांतून गोल दट्टे काढून परत बसवत होती, आजूबाजूला पोरं गाणी म्हणतायत, हिला खुर्चीसकट उचलून ठेवलं तरी ढिम्म हलली नाही, चाळीसहून जास्त वेळा तेच केलं. प्रत्येक दट्ट्याला त्याच्याच मापाचं भोक, त्यामुळे चुकलं की तिचं तिलाच कळायचं आणि परत पहिल्यापासून करता यायचं. मी कुठलाही खेळ निवडताना एवढंच बघते, मोडून परत करता येतो का आणि चूक मुलाला स्वतःला दिसते का. थीम नंतर. तुमची समुद्राची कार्डं आहेत ना, प्रत्येकाचे वेगवेगळ्या वळणाचे दोन तुकडे करा, माशाला खेकड्याचे पाय लागले की तिचं तीच हसेल.

आणि दर आठवड्याला थीम बदलू नका हो, ती हौस आपली असते, मुलांची नाही. जे तिला रोज दिसतं ते घ्या, उदाहरणार्थ मुंग्या. क्लेचे तीन गोळे, डोकं, छाती, पोट, आणि वाळक्या काडीचे सहा तुकडे. शेजारी मुंगीचा मोठा फोटो ठेवा आणि गप्प बसा. ती बहुतेक पाय पोटाला खोचेल, कारण तोच गोळा मोठा असतो, मग फोटोकडे बघेल, परत मुंगीकडे बघेल आणि कधीतरी कळेल की सहाच्या सहा पाय मधल्या गोळ्यातून निघतात. तुम्ही सांगू नका. दोन-चार दिवसांनी कोळ्याचा फोटो ठेवा, आठ पाय आणि शरीराचे दोनच भाग, की मोजणं, तुलना सगळं आपोआप होतं, शिकवायला बसावं लागत नाही. सुरवंट करायचा तर पुठ्ठ्याच्या पट्टीला कपड्यांचे चिमटे लावायचे, चिमटा दाबून उघडताना जी बोटं लागतात तीच पुढे पेन्सिल धरायला लागतात. अंडी, सुरवंट, कोष, फुलपाखरू हा क्रम चार चित्रांत लावायला दिलात तर तोही बरेच दिवस पुरतो.

पहिली काही मिनिटं तुम्ही शेजारी बसा, मग आपलं काही काम घेऊन तिथेच. पंधरा-वीस मिनिटं रमली तरी चार वर्षांच्या मुलीसाठी खूप झालं, उगाच तासभराची अपेक्षा ठेवू नका. "मुंगी घरी चालली" वगैरे पुटपुटत असेल तर पुटपुटू दे, त्याने धाकटा उठत नाही. मोबाईलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत या वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन म्हटलंय, तोही कमी तेवढा बरा, तेव्हा एखाद्या दुपारी दिलात तर जीवाला लावून घेऊ नका.

पण धाकट्याचं मात्र डोक्यात ठेवा. तो उठायच्या आत सगळं डब्यात आणि डबा वर. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते असं समजून चाला. छोटी लोहचुंबकं आणि बटण सेल तर मोठीच्या खेळातही नकोत, गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट बघत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.