आयकर रिफंडच्या दिवसांत थकलेली उधारी कशी वसूल करावी?

सिंहगड रोडला माझं फर्निचरचं दुकान आहे, त्यामुळे हे दुखणं दरवर्षीचंच. पगारदारांची रिटर्नची मुदत ३१ जुलै. ई-व्हेरिफाय केलं की रिफंड साधारण चार-पाच आठवड्यांत खात्यात. तो आल्यावर मागायला जाल तर पैसे गणपतीच्या खरेदीत उडालेले! मी जुलैतच व्हॉट्सअ‍ॅप करतो: "काका, १२,४०० बाकी आहेत. रिफंड आला की निम्मे द्या, उरलेले दिवाळीपर्यंत." सोबत क्यूआर कोड. निम्मे मागितले की लोक फोन उचलतात. रिफंड किती आला हे मात्र विचारू नका, माणूस बिथरतो. फायनान्स कंपनीसाठी वसुली करत असाल तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही.