नाझींचं? त्यांच्या शंभर वर्षं आधीचं आहे ते

तुम्ही विचारलंय, जर्मन सैनिकांच्या अंत्यविधीत वाजणारं ‘माझा एक सोबती होता’ हे गाणं नाझींचं आहे का, आणि तसं असेल तर अजून कसं वाजवतात.

नाझींचं नाही. कविता जर्मन कवी लुडविग उलांडची, 1809 ची. तेव्हा बाडन या जर्मन राज्याचं सैन्य नेपोलियनच्या बाजूने आल्प्समधल्या तिरोलच्या बंडखोरांवर धाडलं होतं. चाल संगीतकार फ्रीडरिश सिल्शरने 1825 मध्ये एका स्विस लोकगीतावरून बांधली.

मी जर्मनीत ट्यूबिंगेनजवळच्या खेड्यात राहते. आमचे घरमालक आजोबा गेले. आयुष्यभर गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात होते. दलातल्यांच्या अंत्यविधीतही हेच वाजवतात. कडाक्याची थंडी होती. ट्रम्पेटवाला पोरगा पितळी तोंडी मुठीत धरून ऊब देत होता. शवपेटी खाली जाऊ लागली तसे त्याने सूर लावले, दलाचा झेंडा झुकला. कोणी गात नव्हतं, फक्त आजींचे ओठ शब्दांबरोबर हलत होते. मला हुंदका आवरेना.

घरी पुण्याहून आलेले भावोजी होते. म्हणाले, “हिटलरच्या फौजेच्या गाण्याला तू रडलीस?” कुठलासा व्हिडिओ पाहिला होता त्यांनी. जेवण होईपर्यंत हाच वाद.

भावोजी, शब्द तरी वाचायचे होते! त्यात ना राजा, ना देश, ना शत्रूचं नाव. दोघे एका पावलाने चाललेत, गोळी येते, माझ्यासाठी की तुझ्यासाठी? सोबती पायाशी पडतो, जणू माझाच एक तुकडा. तो हात पुढे करतो आणि याला तो धरता येत नाही, कारण हा बंदूक भरतोय. जिंकल्याचा एक शब्द नाही. याला युद्धाचा उदोउदो म्हणणाऱ्याने कविता वाचलेलीच नाही.

आज जर्मन लष्करात हे बहुधा एकट्या ट्रम्पेटवर वाजतं आणि सैनिक सलामी देतात. नोव्हेंबरमधल्या राष्ट्रीय शोकदिनालाही वाजतं.

हां, नाझींनी आपल्या समारंभांत ते भरपूर वापरलं हे खरं. म्हणून काही जर्मनांना आजही ते नकोसं वाटतं, आणि ज्यांच्या घरातली माणसं त्या राजवटीने मारली त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण भावोजींचं तसं काही नव्हतं. तुम्हीही व्हिडिओवरून ठरवू नका. कविता तीनच कडव्यांची आहे, भाषांतरात का होईना, आधी वाचा.