‘सावध आशावाद’ आणि सांगलीचं ‘खरं’

प्रश्न असा आहे: ऑक्टोबर 2025 मध्ये महिला विश्वचषकात भारतानं न्यूझीलंडला हरवलं, तेव्हाच्या मनःस्थितीबद्दल लिहिताना एका वाचकानं ‘सावध आशावाद’ म्हटलं आणि ते त्यांनाच परकं वाटलं. याला आपला शब्द कोणता?

‘सावध आशावाद’ चुकीचा नाही. पण तो अग्रलेखातला शब्द आहे, कट्ट्यावर कुणाच्या तोंडी येत नाही.

‘धुगधुगी’ चालेल का? ती विझत आलेल्या जिवात असते. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे ओळीनं तीन पराभव झाले, तेव्हा आशेची धुगधुगी होती. आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनानं 109 आणि प्रतिका रावलनं 122 धावा काढून उपांत्य फेरी गाठून दिल्यावर तो शब्द तोकडा पडतो. ‘उमेद’ मला फार आवडतो, पण तो करणाऱ्याचा शब्द आहे. मूळ फारसीत त्याचा अर्थ नुसती आशा. मराठीत आल्यावर त्यात अंगातली धमक मिसळली. म्हणून उमेद खेळणाऱ्यांना येते. बघणाऱ्यांना काय येतं?

माझ्या मते यासाठी नाम शोधूच नये. सांगली-कोल्हापूरकडं ‘खरं’ हा शब्द ‘पण’ या अर्थानं सर्रास वापरतात. ‘आलो असतो, खरं पाऊस लागला.’ त्या न्यूझीलंडच्या सामन्यानंतर आमच्याकडचा माणूस म्हणेल, ‘जिंकल्या, खरं अजून उपांत्य सामना हाय.’ प्रमाण मराठीत यालाच दोन शब्द लागतात: ‘जिंकल्या खऱ्या, पण...’ तिथं ‘खऱ्या’ झालेल्या गोष्टीला मान देतो आणि ‘पण’ पुढची शंका आणतो. आमचं ‘खरं’ दोन्ही कामं एकटं करतं. ‘पण’ म्हटलं की मागचं थोडं पुसल्यासारखं होतं, ‘खरं’ म्हटल्यावर होत नाही. विजय शाबूत राहतो आणि शंकाही बोलून होते. असा शब्द आपल्या बोलीत आहे याचा मला मनापासून आनंद वाटतो.

या शंकेला कारणही होतं. 2017 ला महिला विश्वचषकाच्या लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात भारतापुढं 229 चं लक्ष्य, 3 बाद 191 अशी स्थिती, आणि तिथून डाव 219 वर आटोपला. नऊ धावांनी हार. ते पाहिलेली माणसं ताकही फुंकूनच पिणार.

शेतीतला एक शब्दही जवळचा आहे: वाफसा. पहिल्या पावसानंतर लगेच पेरत नाहीत; चिखल ओसरून जमिनीत हवा आणि ओल बेताची होईपर्यंत थांबतात. पाऊस झाल्याचा आनंद असतो, पेरणीचं अवजार, पाभर, मात्र अजून खोपीतच असते. ‘अजून वाफसा यायचाय’ हे क्रिकेटबद्दल लिहिलं तर गावाकडच्या वाचकाला लगेच कळेल.

लिहिताना एक काळजी घ्या. ‘खरं’च्या आधी स्वल्पविराम द्या. तो नसला तर पुण्याकडचा वाचक ‘जिंकल्या खरं’ला ‘जिंकल्या खऱ्या’ची चूक समजेल.