बेडीतला पेशंट आणि घर नसलेला पेशंट

प्रश्न: मी नर्स आहे. कोविडच्या वेळी वॉर्डात एक कैदी पेशंट होता, ऑक्सिजनवर, आणि पाय बेडला बेडीने बांधलेला. शिपाई म्हणायचा नियम आहे. खरंच असतो का असा नियम? आणि रस्त्यावर राहणाऱ्याला डिस्चार्ज देताना "घरीच आयसोलेट व्हा" सांगायचं तरी कसं?

उत्तर: सरसकट बांधून ठेवा असं मंडेला नियम तरी म्हणत नाहीत. कैद्यांना कसं वागवावं याचे हे नियम, संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मंजूर केलेत. बाहेरच्या माणसाला मिळतात तसेच उपचार कैद्यालाही मिळावेत आणि उपचाराचा निर्णय डॉक्टरचाच, तुरुंगाच्या स्टाफने तो फिरवायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. बेडी पळून जाण्याच्या किंवा स्वतःला-दुसऱ्याला इजा करण्याच्या धोक्यापुरती, तीही कमीत कमी वेळ. आता जो धड उठून बसू शकत नाही तो पळणार कुठे! शिवाय कोविडमध्ये रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका, ऑक्सिजनसाठी पालथं झोपवावं लागतं, पाय बांधलेला असला की हे सगळंच अवघड, म्हणून "बेडी काढणे वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे" असं डॉक्टरकडून केस पेपरवर लिहून घ्यायचं, तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही हो.

बेघरांचं म्हणाल तर तो सल्ला निव्वळ कागदी. २०२० मध्ये इंग्लंडने आणि कॅलिफोर्नियाने रिकामी हॉटेलं घेऊन अशा लोकांना खोल्या दिल्या होत्या. तशी सोय नसेल तर सोशल वर्करला अ‍ॅडमिशनच्या दिवशीच बोलवा, डिस्चार्जच्या सकाळी नको, कारण जागा शोधायला वेळ जातोच.