वडील गेल्यावर त्यांचं कुलमुखत्यारपत्र चालतं का?

तुम्ही विचारलंय: वडिलांनी २०१९ मध्ये तुमच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद, करून दिलं, गेल्या महिन्यात ते वारले, घरात आई आणि लग्न झालेली बहीण आहे. त्या कागदावर वडिलांचा फ्लॅट विकता येईल का?

नाही. वडील गेले तेव्हाच तो कागद संपला. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०१: अधिकार देणारा वारला किंवा त्याला वेड लागलं की मुखत्यारी संपते. नोंदणी झाली होती, फोटो-अंगठे आहेत, याने काही फरक पडत नाही. मुखत्याराचा स्वतःचा हक्क त्या मालमत्तेत गुंतलेला असेल तर कलम २०२ चा अपवाद आहे, पण ‘मुलगा म्हणून पुढे मलाच मिळणार होतं’ हा तसा हक्क नव्हे.

त्या कलमातला वेडाचा भाग मात्र कोणी वाचत नाही. आम्हीही वाचला नव्हता. मावशीला विस्मरण सुरू झालं तेव्हा पुढची सोय म्हणून घाईने कुलमुखत्यारपत्र करून घेतलं. दोन वर्षांनी मी ते घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी शेवटच्या पानावरची सही निरखली आणि शांतपणे विचारलं, “आजींना आज कोणता वार आहे ते सांगता येतं का?” मी गप्प. ज्या दिवसांसाठी कागद केला, त्याच दिवसांत तो निकामी! शेवटी उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागला. त्यात किती खेटे घातले ते विचारू नका.

आता तुमचं. आधी वडिलांचं कपाट नीट बघा, मृत्युपत्र सापडतंय का ते. साध्या कागदावरचं, नोंदणी न केलेलंही चालतं. वडिलांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नसेल तर, तुम्ही हिंदू असाल आणि फ्लॅट वडिलांच्या स्वकमाईचा असेल, तर आई, बहीण आणि तुम्ही असे तीन सारखे वाटे. बहिणीचं लग्न झालंय म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. आणि आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात असेल तर चार वाटे. आजीला सगळेच विसरतात. मग खरेदीदाराचा वकील शोध घेताना तिचं नाव काढतो आणि व्यवहार अडतो.

सोसायटीत नॉमिनी तुम्हीच आहात, असंही लिहिलंय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीने सांभाळणारा.

खरेदीखतावर सगळ्या वारसांनी सह्या करायच्या. बहिणीला यायला जमत नसेल तर तिने तुमच्या नावे तिच्या वाट्यापुरतं नवं कुलमुखत्यारपत्र नोंदवून द्यावं. ती हयात आहे, तिचं चालेल. एखादा एजंट म्हणेल, ‘जुन्या कागदावरच मागची तारीख टाकून उरकून घेऊ.’ त्याला दारातूनच परत पाठवा. त्या खाली सही तुमची असेल, त्याची नाही.