अलॉय व्हीलची कड फुटपाथला घासली आहे, घरी दुरुस्त होईल का? माझं चोर्ला घाटातून गोव्याला येणं-जाणं असतं.

होईल, पण आधी चाक काढून रिमची आतली बाजू बघा. तुम्ही चोर्ला घाटातून गोव्याला ये-जा करता असं लिहिलंय, म्हणून हे पहिलं. खड्ड्यात आपटलेल्या चाकाला चीर बऱ्याचदा आतून जाते, बाहेरून कळत नाही. स्पोकला चीर असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका, चाकच बदला. घाटातल्या उतारावर जिवाशी खेळ नको.

नुसते ओरखडे असतील तर चाक शाम्पूने धुऊन ब्रेकची काळी धूळ पूर्ण घालवा. टायरला टेप लावा. २४० नंबरच्या सँडपेपरने कड सपाट करा, मग ४०० आणि ६०० चा वॉटर पेपर. खोल खाच मेटल पुट्टीने भरा. मग प्रायमर, रंग, क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर), सगळे पातळ हात. पावसाळ्यात मात्र नकोच, खानापूरकडच्या ओलाव्यात क्लिअर कोट पांढुरका पडतो. दिवाळीनंतर करा.

चाक डायमंड कट, म्हणजे बारीक गोल रेषांचं चकचकीत असेल तर पेपर लावूच नका. ते लेथचं काम. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाले पुष्कळ, पण अलॉय व्हील आधी केलंय का, हे विचारूनच द्या.

चाक बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.