उष्माघाताने कोण दगावते?

प्रश्न : माझी मुलगी समाजशास्त्रात एम. ए. करीत असून तिने प्रकल्पासाठी ‘हवामानबदल आणि आपल्या गावचा उन्हाळा’ हा विषय निवडला आहे. पारा मोजणे हे वेधशाळेचे काम आणि उष्माघातावर उपचार करणे हे डॉक्टरांचे. यात समाजशास्त्राने नेमके काय करायचे, हे मला तरी उमगलेले नाही. (एक निवृत्त शिक्षक, चंद्रपूर)

उत्तर : सर, आपली शंका रास्त आहे, पण पारा किती चढला हे कळल्यावरही त्या उन्हात कोण दगावले आणि कोण तगले, याचा उलगडा होत नाही, आणि समाजशास्त्राचे काम तिथूनच सुरू होते. याचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील शिकागो शहराचे आहे. 13 जुलै 1995 रोजी तिथे 41 अंश तापमान नोंदले गेले. चंद्रपूरकरांना हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु हवेतील दमटपणामुळे अंगाला जाणवणारी उष्णता 50 अंशांच्या वर गेली होती. त्या एका आठवड्यात नेहमीपेक्षा 739 माणसे जास्त मेली. शवागारात जागा उरली नाही, म्हणून शीतकरणाचे ट्रक मागवून त्यांत मृतदेह ठेवावे लागले.

एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने या घटनेचा अभ्यास करून 2002 साली तो पुस्तकरूपाने मांडला. त्याने शेजारी-शेजारी असलेल्या दोन वस्त्या निवडल्या. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन्हींकडे ऊन सारखेच होते आणि एकटे राहणारे गरीब वृद्धही दोन्हींकडे होते. तरीही पहिल्या वस्तीत दर लाखामागे 40 माणसे दगावली, तर दुसरीत अवघी 4. पहिल्या वस्तीतले कारखाने गेले, त्यामागोमाग दुकाने आणि शेजारीही गेले. मोकळे भूखंड आणि ओस रस्ते एवढेच मागे राहिले. चोरीच्या धास्तीने म्हातारी माणसे दारे-खिडक्या घट्ट लावून आत बसली आणि आतल्या आत भाजून निघाली. दुसऱ्या वस्तीत बाजाराचा रस्ता गजबजलेला होता. काठी टेकत चार पावले गेले की थंडगार दुकान लागे, आणि एखादा म्हातारा दोन दिवस दिसला नाही तर ते कुणाच्या तरी ध्यानात येई.

यावर ‘दुसऱ्या वस्तीतल्या मेक्सिकन लोकांची कुटुंबव्यवस्थाच घट्ट असते’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह अनेकांना झाला. (एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणारे आपणही त्यात सहज सामील होऊ.) परंतु शिकागोतलीच ऑबर्न ग्रेशॅम ही वस्ती पहिल्या वस्तीसारखीच बहुतांशी कृष्णवर्णीयांची असूनही तिथे हे प्रमाण लाखामागे केवळ 3 होते, कारण तिथला रस्ता जागता राहिला होता. तेव्हा वंशाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वस्तीच्या घडणीकडे पाहावे लागते.

मृत्यूंची मोजणी हाही आपल्याकडे दुर्लक्षित राहिलेला असाच मुद्दा आहे. शिकागोत मृत्यूचे कारण ठरविणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याने आकडे जाहीर करताच महापौरांनी त्यांवर शंका घेतली होती. आपल्याकडे शेतात कोसळलेल्या मजुराच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहिले गेले, तर तो मृत्यू उष्णतेच्या खात्यावर चढतच नाही. अहमदाबादेत मे 2010 मध्ये पारा 46.8 अंशांवर गेला, तेव्हा एकूण मृत्यूंची आदल्या आणि पुढच्या वर्षाच्या मे महिन्याशी तुलना केल्यावरच सुमारे 1,344 जास्तीचे मृत्यू झाल्याचे दिसले. पुढे 2013 साली त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि इतर अनेक शहरांनी तो पुढे ठेवून आपापले आराखडे बेतले.

आपल्या कन्येने पारा जरूर नोंदवावा. पण त्याबरोबर कुलरचाही माग काढावा. घरात कुलर आहे किंवा नाही एवढे विचारून थांबू नये. त्याच्या टाकीत पाणी कोण भरते, ते कुठून आणते, नळ आला नाही त्या दिवशी काय होते, पत्र्याच्या खोलीत रात्री कोण निजते आणि ओसरीवर कोण, भर दुपारी कामावर गेले नाही तर रोजी बुडते का, हेही विचारावे. याची उत्तरे कोणत्याही तापमापकात सापडणार नाहीत.

प्रश्न : कारणे शोधण्यापुरते हे ठीक आहे. उपाय मात्र ठिबक, धरण, सौरपंप असे यंत्रांचेच असतात ना? (एक शेतकरी, बारामती)

उत्तर : यंत्र लागतेच, पण त्याचे पाणी कोणाला मिळणार हे माणसांनी केलेल्या नियमांवर ठरते. आपल्याच जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. ते समाजशास्त्रज्ञ नव्हते, अभियंता होते, हे मुद्दाम नमूद करतो. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरला : माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे पाणी. भूमिहीनांनाही त्यात हक्क मिळाला आणि उसाला बंदी झाली. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नसे; तसे झाले असते, तर पैसेवाल्याने अडीच-अडीच एकरांची पाणी असलेली शेते गोळा केली असती आणि चार-सहा वर्षांत सारे पाणी पुन्हा दोन-तीन विहिरींकडे वळले असते.